जाडी वेगळी, घनता वेगळी: एलडी आणि एचएम पिशव्यांचा घोळ

पॅकिंगच्या दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘एलडी नको, ती लाइट ड्युटी. हेवी ड्युटीवाली एचडी द्या, जाड.’ दुकानदार वाद घालत बसत नाही. जाड दिसेल ती पिशवी पुढे सरकवतो, आणि ती बहुतेक वेळा एलडीचीच असते. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. तोच गैरसमज मग शाळेच्या प्रकल्पवहीत उतरतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तक्त्यात जाऊन बसतो: ‘एचडीपीई जाड आणि दणकट, एलडीपीई पातळ आणि तकलादू.’ पिशव्यांच्या बाबतीत हा तक्ता जवळजवळ उलटा आहे. एलडी म्हणजे लो डेन्सिटी, कमी घनतेचं पॉलिथिन; एचडी म्हणजे हाय डेन्सिटी, जास्त घनतेचं. शेवटचं ‘पीई’ म्हणजे पॉलिथिन.

एचडीची पिशवी सगळ्यांच्या हातातली आहे, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवत नाही. भाजीवाल्याकडची दोन कानांची, दुधाळ रंगाची, हात लावला की कुरकुरणारी झबला पिशवी, तीच ती. बाजारात तिला एचएम म्हणतात, म्हणजे हाय मॉलिक्युलर. हाय डेन्सिटी पॉलिथिनचीच, पण रेणूंच्या जास्त लांब साखळ्यांची ही जात. म्हणजे ज्या पिशवीला आपण सर्वांत फालतू समजतो, ती ‘हाय डेन्सिटी’ आहे. आणि दुधाची पिशवी, गादीवरचं कव्हर, फुग्याफुग्यांचं बबल रॅप हे सगळं मऊ, गप्प, ताणलं की लांबणारं प्रकरण एलडीच्या घराण्यातलं.

दोन्हींचा कच्चा माल एकच, इथिलीन वायू. त्याचे रेणू एकामागे एक जोडले की पॉलिथिनची साखळी बनते. दोन्हींत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. मग फरक पडतो कुठे? इथेच माणसं घसरतात. बहुतेकांना वाटतं, जास्त दाब देऊन माल ठासून बसवला की हाय डेन्सिटी, कमी दाब दिला की लो. प्रत्यक्षात जास्त दाबाने बनतं ते लो डेन्सिटी, आणि कमी दाबाने बनतं ते हाय डेन्सिटी.

आधी जन्मला तो एलडी. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडच्या चेशायरमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे इथिलीन आणि बेंझाल्डिहाइड एकत्र करून पाहत होते. तापमान १७० अंश सेल्सियसच्या आसपास, दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारोपट. हवी होती ती रासायनिक क्रिया झालीच नाही, भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ मात्र मिळाला. प्रयोग परत करावा तर कधी जमे, कधी भांडंच फुटे. क्रिया सुरू व्हायला चिमूटभर ऑक्सिजन लागतो आणि तो पहिल्या वेळी चुकून आत गेला होता, हे कळायला पुढची दोन वर्षं गेली. १९३५ मध्ये आयसीआयच्याच मायकेल पेरिन यांनी हा प्रयोग खात्रीने करून दाखवला. १९३९ मध्ये कारखाना सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धात हा माल पिशव्यांत नव्हे, तर रडारच्या केबलवरच्या आवरणात गेला.

आता जास्त दाबाच्या त्या भांड्यात काय होतं ते पाहा. वाढत्या साखळीचं टोक अतिशय चंचल असतं. ते कधी मागे वळून स्वतःच्याच साखळीतला हायड्रोजन ओढून घेतं, आणि मग वाढ त्या जागेवरून पुढे चालू होते. सरळ साखळीला तिथे छोटी फांदी फुटते. कधी ते शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढतं, मग तिथे लांब फांदी फुटते. हे थांबवायला आत कुणी नसतं, त्यामुळे फांद्यांचं रान माजतं.

कमी दाबाची गोष्ट वीस वर्षांनंतरची, आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांवरची. अमेरिकेत फिलिप्स पेट्रोलियममध्ये पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स यांना १९५१ मध्ये क्रोमियमचा उत्प्रेरक सापडला. जर्मनीत म्युलहाइमला कार्ल झीग्लर यांच्या गटाने १९५३ मध्ये टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियमची संयुगं वापरली आणि साध्या वातावरणाच्या दाबाला पॉलिथिन बनवलं. (फिलिप्सच्या सुरुवातीच्या मालाचा दर्जा एकसारखा येत नव्हता. तो गोदामात पडून राहिला असता, पण १९५८ मध्ये अमेरिकेत हुला हूपचं वेड आलं आणि माल खपला. मोठमोठ्या शोधांना कधी पोरांच्या खेळण्याने तारलेलं असतं.) या पद्धतीत साखळी धातूच्या अणूला धरून वाढते. इथिलीनचा एकेक रेणू तिथेच जोडला जातो, मोकाट टोक राहत नाही, म्हणून फांद्या जवळपास फुटतच नाहीत. साखळी सरळसोट.

बाभळीच्या फांद्यांची मोळी आणि सोललेल्या उसाची मोळी शेजारी ठेवा. बाभळीच्या मोळीत फटीच फटी, कितीही आवळली तरी. ऊस एकमेकांना चिकटून बसतो. घनतेचा सगळा मामला एवढाच. एलडीची घनता साधारण ०.९१ ते ०.९३, एचडीची ०.९४ ते ०.९७, ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. आकड्यांत फरक किरकोळ, पण सरळ साखळ्या जवळ बसल्या की स्फटिक जास्त तयार होतात आणि बाकी सगळं तिथून येतं. स्फटिक प्रकाश विखुरतात, म्हणून एचएम दुधाळ. स्फटिक वाकत नाहीत, म्हणून ती ताठ आणि कुरकुरीत. वितळायलाही उष्णता जास्त लागते: एलडी ११० अंशांच्या आसपास ढिली पडते, एचडी १३० च्या आसपास. एलडीला सील मारणं सोपं जातं ते म्हणूनच, आणि बिस्किटांच्या, मसाल्यांच्या चकचकीत पाकिटांत आतला सील होणारा थर बहुतेक याच घराण्यातला असतो.

जाडीचा विषय आता सुटतो. एचएम ताठ आणि मजबूत, म्हणून ती पंधरा-वीस मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असूनही दोन-तीन किलो कांदे उचलते. तेवढंच ओझं एलडीने न ताणता उचलायचं तर जाडी दुपटीच्या आसपास न्यावी लागते. म्हणजे पिशवी पातळ आहे कारण ती हाय डेन्सिटी आहे. जाडी कारखानदार ठरवतो, घनता साखळी ठरवते. दोन्ही एका श्वासात बोलणाऱ्यांना मी पहिलं हेच सांगतो. दणकटपणाही एकरंगी नसतो. एचएमला एकदा छिद्र पडलं की ती उभी टरकन फाटते. एलडी त्याच जागी ताणते, लांबते, पण तग धरते. टोकदार माल असेल तर मी डोळे झाकून एलडी घेईन.

कारखान्यातही फरक दिसतो. दोन्हींची फिल्म गोल डायमधून, म्हणजे साच्याच्या गोल फटीतून, वितळलेला माल वर ओढत, आत हवा भरून फुगवतात. एलडीचा फुगा डायमधून बाहेर पडताच रुंदावतो. एचएमचा आधी अरुंद नळीसारखा बराच वर चढतो आणि मग फुगतो. झबला पिशवी त्याच नळीची. नळी चपटी करायची, वर-खाली सील मारायचं आणि वरून एक तुकडा कापून कान काढायचे. स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीतल्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांच्या या कल्पनेला १९६५ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं.

मग एलएलडी, म्हणजे लिनिअर (सरळ साखळीचं) लो डेन्सिटी. याने गोंधळात भर घातली हे खरं. हा कमी दाबाचा, सरळ साखळीचा, तरीही लो डेन्सिटी. कारण इथे फांद्या अपघाताने फुटत नाहीत, मुद्दाम लावतात: इथिलीनबरोबर थोडं ब्युटीन, हेक्झीन किंवा ऑक्टीन सोडायचं, की ठरावीक लांबीच्या आखूड फांद्या साखळीला लागतात. मऊपणा एलडीचा, चिवटपणा त्याहून जास्त. आपल्याकडे दुधाच्या पिशवीत एलडी आणि एलएलडीचं मिश्रण चालतं. गच्चीवरची काळी टाकी लोक छातीठोकपणे एचडीची सांगतात, ती बहुधा एलएलडीची असते. ठिबकची शेतभर पसरणारी लवचीक नळीही एलएलडीची, तुषार सिंचनाचा ताठ पाइप मात्र एचडीपीईचा. शेतकरी ही दोन्ही रोज हाताळतो, त्याला हा फरक हातानेच कळतो. रायगड जिल्ह्यात नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल संकुलात जास्त आणि कमी दाबाच्या दोन्ही पद्धतींचं पॉलिथिन बनतं.

ओळखायच्या घरगुती युक्त्यांबद्दल थोडक्यात. पाण्यात टाकून पाहायची युक्ती फुकट आहे, दोन्ही पाण्याहून हलके, दोन्ही तरंगतात. पाण्यात स्पिरिट मिसळून घनता ०.९३५ च्या आसपास आणली तर एलडी तरंगेल आणि एचडी बुडेल, पण तेवढी मेहनत कोण घेतो? जाळून तर पाहूच नका, दोघांनाही विझवल्यावर मेणबत्तीचाच वास येतो. चुरगळा आणि ऐका. कुरकुरली आणि दुधाळ असेल तर एचएम, कुरकुरली पण काचेसारखी पारदर्शक असेल तर तिसरीच जात, पॉलिप्रॉपिलिन. आवाज नाही आणि मऊ, तर एलडी किंवा एलएलडी. त्रिकोणातला आकडा छापलेला असेल तर प्रश्नच मिटला: २ म्हणजे एचडी, ४ म्हणजे एलडी.

कायद्यातला १२० मायक्रॉनचा आकडाही फक्त जाडी मोजतो, जात नाही. केंद्राने कॅरीबॅगची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. पण महाराष्ट्राने २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅगवरच बंदी घातली. त्यामुळे ‘ही एचडी आहे, चालते’ असं सांगणाऱ्या दुकानदाराने घनता आणि जाडीचा घोळ तर घातलेला असतोच, वर कायदाही वाचलेला नसतो.