धारण तलावांत साठत जाणारा खर्च

नवी मुंबईचा बराचसा भाग पारसिकची डोंगररांग आणि ठाण्याची खाडी यांच्यामधल्या सखल जमिनीवर वसलेला आहे. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की इथले पाणी आपसूक खाडीत उतरू शकत नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने यावर डच धर्तीचा उपाय योजला आणि खाडीकाठी धारण तलाव खोदून त्यांच्या मुखाशी झडपा बसवल्या. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की झडपा मिटतात आणि पावसाचे पाणी तलावात साठते; ओहोटी लागली की ते खाडीत वाहून जाते. समुद्राच्याच चढउतारावर चालणारी ही रचना अतिशय शहाणपणाची आहे.

मात्र ती फुकट चालत नाही. डोंगरउतारांवरची आणि बांधकामांवरची माती दर पावसाळ्यात तलावांत येऊन बसते. एक हेक्टर तलावात एक मीटर गाळ साचला, तर १ कोटी लिटर पाण्याची जागा जाते. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर २० हेक्टर जमिनीवर एका तासात नेमके तेवढे पाणी पडते. त्या गाळावर खारफुटी रुजली की काम आणखी अवघड होते, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने राज्यभर खारफुटीच्या तोडीला मनाई केली आहे. तो निकाल योग्यच आहे. चूक आहे ती गाळ वर्षानुवर्षे साचू देण्यात.

दुसरा खर्च पाण्याच्या शुद्धतेचा. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन हे तिचे माप मानले जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये मोठ्या शहरांतील प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी हे माप लिटरमागे १० मिलिग्रॅमपर्यंत आणण्यास सांगितले. त्यासाठी टाक्यांत सतत हवा सोडावी लागते आणि विजेचे बिल वाढते. पण हे माप घेतले जाते ते मलप्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे. पावसाळी गटारांतले पाणी त्या केंद्रात जातच नाही. पहिल्या सरींबरोबर रस्त्यावरचे तेल, टायरची धूळ आणि प्लास्टिक घेऊन ते तलावात आणि तिथून खाडीत, म्हणजे २०२२ पासून रामसर स्थळ, अर्थात आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता असलेल्या जागेत उतरते.

म्हणून गाळ आणि प्रदूषण यांचा हिशेब एकत्र मांडायला हवा, कारण जड धातूंसारखे पुष्कळसे प्रदूषक मातीच्या बारीक कणांना चिकटूनच प्रवास करतात. उतारावर माती अडवणारे छोटे बांध, नाल्यांच्या तोंडाशी साफ करता येतील अशा गाळकुंड्या आणि पावसाळ्यापूर्वी यंत्राने झाडलेले रस्ते यांवर केलेला खर्च दोन्हीकडे उपयोगी पडतो. अंदाजपत्रकात त्याला दरवर्षी स्वतंत्र तरतूद असावी आणि पहिल्या पावसात धारण तलावांत येणाऱ्या पाण्याचीही तपासणी व्हावी.