मुलांचा टीबी आणि ‘रहिवासी’ची अट

देशाचा क्षयरोग कार्यक्रम १९६२ पासून चालत आला तो बेडक्याच्या तपासणीवर. लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळतं; शिवाय त्याच्या शरीरात जंतूही कमी असतात. त्यामुळे एक्स-रे, मांटू (टीबीसाठीची त्वचेवरची चाचणी), घटलेलं वजन आणि ‘घरात कुणाला टीबी होता का’ एवढ्यावर निदान करायचं, नाहीतर उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातला द्रव काढायचा. तालुक्याला हे जमत नसे, म्हणून मूल ‘वर’ पाठवलं जाई. २०१४ मध्ये दिल्ली, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद या चार शहरांत मुलांच्या नमुन्यांसाठी जंतूची जनुकं शोधणारी जनुकीय चाचणी मोफत सुरू झाली, तेव्हा कुठे चित्र हललं.

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचं दुखणं वेगळं होतं. २०१६ मध्ये त्यावरचं बेडाक्विलिन हे नवं औषध भारतात आलं ते पाच शहरांतल्या सहा केंद्रांपुरतं आणि फक्त अठरा वर्षांवरच्यांना. म्हणजे मुलं आधीच बाहेर. पाटण्याची एक मुलगी शाळकरी वयापासून आजारी होती. अठरा पूर्ण होऊन ती दिल्लीच्या केंद्रात पोचली, तर उत्तर मिळालं की ती दिल्लीची रहिवासी नाही. सरकारी बाजू अगदीच पोकळ नव्हती: साठा मोजका, औषध वाटेल तसं वापरलं तर जंतू त्यालाही सरावतील, आणि रुग्ण दूरचा असला तर पाठपुरावा कोण करणार? पण बिहारमध्ये एकही केंद्र नव्हतं. जिथे केंद्रच नाही तिथल्या रुग्णाने रहिवासी व्हायचं तरी कुठलं? पाठपुराव्याची अडचण खरी असेल, तर पाटण्यातल्या डॉक्टरांशी बोलून ती सोडवता आली असती. रहिवासाचा पुरावा मागून नव्हे. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०१७ मध्ये सरकारने औषध द्यायचं मान्य केलं. तोवर तिची फुप्फुसं फार खराब झाली होती. २०१८ मध्ये ती वारली.

पुढे केंद्रं देशभर वाढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी बेडाक्विलिनची वयाची अट काढली. सौम्य टीबी असलेल्या मुलांचा कोर्स सहा महिन्यांवरून चारवर आणण्याची शिफारसही तेव्हाचीच. त्यामागच्या औषध-चाचणीत पुण्यातली मुलंही होती. त्याच सूचनांनुसार मुलांच्या शौचाचा नमुनाही जनुकीय चाचणीला चालतो. त्याला नळी लागत नाही, की भरती व्हावं लागत नाही.