आधी कपात, मग कायदा

पेन्शन नियामकाचा कायदा संसदेत संमत झाला सप्टेंबर २०१३मध्ये, लोकसभेत ४ तारखेला आणि राज्यसभेत ६ तारखेला. तोवर १ जानेवारी २००४पासून केंद्राच्या नोकरीत लागलेल्यांना नवी पेन्शन योजना लागू होऊन साडेनऊ वर्षं उलटली होती. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के कपात सुरू होती, सरकारही तेवढेच भरत होते. हे सारे २२ डिसेंबर २००३च्या एका अधिसूचनेवर. सैन्यदले तेवढी वगळली होती.

जुन्या पेन्शनीत कर्मचाऱ्याच्या खिशातून काही जात नसे. शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम आणि वर महागाई भत्ता, सगळा भार तिजोरीवर. नव्या योजनेने जोखीम निवृत्त होणाऱ्याकडे सरकवली: हातात काय पडणार हे बाजार ठरवणार, आणि साठलेल्या रकमेतल्या किमान ४० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून ठरावीक काळाने मिळणारी रक्कम, घ्यावीच लागणार.

कायदा करायचा प्रयत्न आधीही झाला. डिसेंबर २००४मध्ये वटहुकूम निघाला, मार्च २००५मध्ये विधेयक आले. पण मनमोहन सिंग सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर उभे होते आणि डाव्यांचा पेन्शनचा पैसा शेअर बाजारात घालायलाच विरोध. विधेयक स्थायी समितीत गेले, रेंगाळले आणि २००९मध्ये लोकसभेची मुदत संपताच आपोआप बाद झाले. २०११मध्ये ते पुन्हा मांडले, तेव्हा अडवणूक सरकारातल्याच तृणमूलची. २०१२मध्ये तृणमूल बाहेर पडली आणि पुढच्या वर्षी भाजपच्या साथीने अर्थमंत्री चिदंबरम यांनी ते तडीस नेले. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे दोन पक्ष इथे एका बाजूला होते, हे जुनी पेन्शन परत मागणाऱ्या सभांमधून सहसा कुणी सांगत नाही.

महाराष्ट्राने तर कायद्याची वाटही पाहिली नाही. १ नोव्हेंबर २००५पासून लागलेल्यांना इथे ‘डीसीपीएस’ ही अशीच पगारातून कपात होणारी पेन्शन योजना लागू झाली. मार्च २०२३च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत रस्त्यावर आले त्यांत बहुतेक हेच, शिक्षक, लिपिक, आरोग्य कर्मचारी.

त्याच वर्षी केंद्राने नव्या पेन्शन योजनेच्या फेरविचारासाठी वित्त सचिव सोमनाथन यांची समिती नेमली. ऑगस्ट २०२४मध्ये मंत्रिमंडळाने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली: पंचवीस वर्षं सेवा झाली की शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी. कर्मचाऱ्याची दहा टक्के कपात मात्र कायम. २००३सारखेच संसदेत मतदान याही वेळी नव्हते; जानेवारी २०२५मध्ये राजपत्रात अधिसूचना निघाली.