सहा शिलिंगांचा खाडा आणि जेसन रॉबिन्सनचे पाय

२२ नोव्हेंबर २००३ रोजी सिडनीत रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला २०-१७ असं हरवलं. जादा वेळ संपत आली असताना जॉनी विल्किन्सनने आपल्या कमजोर मानल्या जाणाऱ्या उजव्या पायाने ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टप्पा पाडून खांबांमधून मारलेली किक) मारला आणि त्या रात्रीची आठवण म्हणून तेवढी एक किकच लोकांच्या डोक्यात राहिली. गुणफलक नीट पाहिला तर वेगळीच गोष्ट दिसते. शंभर मिनिटांच्या खेळात ट्राय, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं, झाले दोनच. पहिला ऑस्ट्रेलियाच्या लोटी टुकिरीचा, दुसरा इंग्लंडच्या जेसन रॉबिन्सनचा. आणि हे दोघेही या खेळातले नव्हतेच! दोघं घडले ‘रग्बी लीग’ नावाच्या दुसऱ्याच खेळात. टुकिरी ब्रिस्बेन ब्रॉन्कोजमध्ये, रॉबिन्सन उत्तर इंग्लंडमधल्या विगनमध्ये. दहा वर्षं आधी जन्मले असते, तर दोघांनाही त्या मैदानात उतरता आलं नसतं.

का उतरता आलं नसतं, हे समजून घ्यायला शंभर वर्षं मागं जावं लागतं. तेवढं मागं गेल्याशिवाय रॉबिन्सनच्या कारकिर्दीचं मोल कळत नाही.

आपल्याकडे रग्बी म्हटलं की एकच खेळ डोळ्यांपुढे येतो. इंग्लंडात दोन आहेत: पंधरा जणांची ‘युनियन’ आणि तेरा जणांची ‘लीग’. दोन्हीचं मूळ एकच. १८७१ मध्ये लंडनमध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली. तिचे कर्तेधर्ते महागड्या शाळांत शिकलेले, वकिली-व्यापारातले सुखवस्तू लोक. पुढच्या वीस वर्षांत खेळ उत्तरेला पसरला. यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये तो कापडगिरण्या, कोळसा खाणी आणि गोद्यांमधल्या कामगारांच्या हाती गेला, आणि ते तो साहेबांपेक्षा चांगला खेळू लागले. अडचण पोटाची होती. शनिवारी अर्धा दिवस काम असे. सामना परगावी असला की सकाळची पाळी बुडवावी लागे. पाळी बुडली की खाडा, आणि खाडा पडला की पगारात कपात. मुंबईच्या गिरणगावात ज्यांनी हजेरीपट पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

उत्तरेकडच्या क्लबांची मागणी फार मोठी नव्हती. खेळायचे पैसे नकोत, बुडालेली मजुरी तरी भरून द्या, एवढंच. १८९३ मध्ये लंडनच्या सभेत हा ठराव आला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. हौशी खेळाचं पावित्र्य बिघडेल, हे त्यामागचं कारण. हे पावित्र्य ज्यांना परवडत होतं त्यांनीच ते ठरवलं होतं. क्रिकेटमध्येही हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेअर’ ही वाटणी थेट १९६२ पर्यंत टिकली, तेव्हा रग्बीत काही अघटित घडलं असं म्हणता येत नाही. फरक इतकाच, की क्रिकेटमध्ये दोन्ही जातींचे खेळाडू एकाच संघात खेळले. रग्बीत खेळच फुटला.

२९ ऑगस्ट १८९५. हडर्सफील्डचं जॉर्ज हॉटेल. उत्तरेतल्या क्लबांच्या प्रतिनिधींनी तिथं बसून युनियनमधून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला आणि ‘नॉर्दर्न रग्बी फुटबॉल युनियन’ उभी राहिली. पहिल्या हंगामात बावीस क्लब होते. खाड्याची भरपाई ठरली दिवसाला सहा शिलिंग. १८९८ मध्ये उघडपणे पैसे देऊन खेळवायला सुरुवात झाली, पण खेळाडूला दुसरी नोकरी असलीच पाहिजे या अटीवर.

मग नियम बदलत गेले. तिकीट काढून आलेल्या कामगाराला ढिगाऱ्याखाली गडप झालेला चेंडू पाहण्यात रस नव्हता. १८९७ मध्ये लाइन-आउट, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करायची पद्धत, गेलं. १९०६ मध्ये संघ तेरा जणांचा झाला, आणि पकडलेल्या खेळाडूनं उठून पायानं चेंडू मागं सरकवायचा, ही लीगची खास पद्धत आली. १९२२ पासून संस्थेचं नाव ‘रग्बी फुटबॉल लीग’. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला किती पकडी मिळणार, यावर १९६६ मध्ये चारची मर्यादा आली, १९७२ मध्ये ती सहा झाली. युनियनशी नातं दूरच्या चुलतभावासारखं राहिलं.

युनियनवाल्यांनी मात्र हा दुरावा कायद्यात बांधून ठेवला. एकदा लीग खेळलेल्या माणसाला युनियनची दारं जन्मभर बंद. पैसे घेतले की नाही, हा प्रश्नच नव्हता. चाचणी सामन्यापुरतं लीगच्या मैदानात उतरलं तरी बस होतं, म्हणून अशा सामन्यांत युनियनवाल्यांची नावं लपवत. संघाच्या यादीत त्या जागी ‘कुणी एक’ अशा अर्थाचं इंग्रजी नाव छापलं जाई. वेल्समधले खाणकामगारांचे हुशार पोरगे घर चालवायला उत्तरेला जात आणि परतीचा रस्ता विसरून जात. १९८९ मध्ये विड्नेसला गेलेला जोनाथन डेव्हिस हे अलीकडचं ठळक उदाहरण. वाहतूक एकाच दिशेची होती.

या भिंतीच्या लीगकडच्या बाजूला, लीड्समध्ये, ३० जुलै १९७४ रोजी जेसन रॉबिन्सनचा जन्म झाला. आई स्कॉटिश, वडील जमैकन. पोरगा हनस्लेट पार्कसाइड या स्थानिक क्लबात खेळला. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. अशा अंगकाठीच्या मुलाला रग्बीत जागा कुठं, असं दुसरीकडे विचारलं गेलं असतं. सतराव्या वर्षी, १९९१ मध्ये, त्याला विगननं उचललं.

विगन हा त्या काळी क्लब नव्हता, दबदबा होता. १९८८ ते १९९५ अशी सलग आठ वर्षं लीगमधला चॅलेंज चषक त्यांच्याकडे. एलरी हॅनली नुकताच गेलेला, शॉन एडवर्ड्स, मार्टिन ओफाया, अँडी फॅरेल असे एकाहून एक गडी. विगनच्या सेंट्रल पार्क या मैदानावर रॉबिन्सन विंगर, म्हणजे कडेनं धावणारा खेळाडू, म्हणून तयार झाला. १९९३ मध्ये चॅलेंज चषक, त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनची जर्सी. १९९५ च्या चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात विगननं लीड्सला ३०-१० हरवलं, रॉबिन्सननं दोन ट्राय केले आणि सामनावीराला मिळणारी लान्स टॉड ट्रॉफी नेली. न्यूझीलंडच्या युनियन संघातून लीगमध्ये आलेला वायगा टुइगामाला तेव्हा विगनला होता. या धिप्पाड सामोअनाच्या श्रद्धेचा रॉबिन्सनवर खोल परिणाम झाला. वाहवत चाललेला तरुण तिथं सावरला, असं त्यानं स्वतः सांगितलं आहे.

त्याच्या पायांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. लीगमध्ये प्रत्येक पकडीनंतर बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागं जावं लागतं आणि चेंडू लगेच पुन्हा खेळात येतो. म्हणजे धावणाऱ्यासमोर दर काही सेकंदांनी एक आडवी भिंत, तिच्यापर्यंत मोजकी मोकळी जागा आणि समोरासमोर एकच माणूस. सामन्यात असे प्रसंग दहा-बारा वेळा येतात. त्या दहा मीटरांत आधी डावा खांदा दाखवायचा, मग उजवीकडे निघायचं, आणि हे सगळं वेग न मोडता. खो-खोत चपळ पळती जशी पाठलाग करणारीला हुलकावणी देते, तसंच काहीसं. फक्त समोरचा शंभर किलोचा. रॉबिन्सनचा ‘साइडस्टेप’ उपजत होता असं सगळे म्हणतात. असेलही. पण तो घासून धारदार झाला लीगच्या नियमांमुळे, आणि ते नियम आले होते कामगार प्रेक्षकाला खेळ दिसावा म्हणून. एका अर्थानं या पायांचा उगम जॉर्ज हॉटेलातल्या त्या बैठकीत आहे.

१९९५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ब्रिटिश लीगनं ८.७ कोटी पौंडांचा दूरचित्रवाणी करार करून पुढच्या वर्षापासून हिवाळ्याऐवजी उन्हाळ्यात खेळायचं ठरवलं. ‘सुपर लीग’ ती हीच. आणि २६ ऑगस्टला पॅरिसमध्ये युनियनच्या आंतरराष्ट्रीय मंडळानं खेळाडूंना पैसे द्यायची मुभा दिली. हडर्सफील्डच्या बैठकीला शंभर वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते. माझ्या मते या बाबतीत युनियनला फार उदारपणाचं श्रेय देऊ नये. खेळाडू हातातून जाऊ लागले होते आणि पैसा दारात उभा होता.

भिंत पडल्यावर पहिल्यांदा काय झालं, तर कुतूहल म्हणून दोन सामने झाले. मे १९९६ मध्ये विगन आणि युनियनमधला मातब्बर संघ बाथ समोरासमोर आले, एकदा लीगच्या नियमांनी, एकदा युनियनच्या. मँचेस्टरच्या मेन रोडवर विगननं ८२-६ असा धुव्वा उडवला. ओफायानं एकट्यानं सहा ट्राय केले. युनियनच्या ट्विकनहॅम मैदानावर स्क्रम (दोन्ही संघांनी एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटणं) आणि रेटारेटीत बाथनं ४४-१९ असं उट्टं काढलं. मधल्या काळात विगननं ट्विकनहॅमची मिडलसेक्स सेव्हन्स ही सात जणांच्या संघांची युनियन स्पर्धाही जिंकून टाकली. आता लीगचा हंगाम उन्हाळ्यात आणि युनियनचा हिवाळ्यात, त्यामुळे त्या हिवाळ्यात रॉबिन्सन आणि त्याचा सहकारी हेन्री पॉल काही महिने बाथकडून खेळले. मग दोघं परत आले. पाण्यात पाय घालून पाहिल्यासारखं.

अजून चार हंगाम तो विगनचा होता. १९९८ च्या पहिल्या सुपर लीग ग्रँड फायनलमध्ये विगननं लीड्सला १०-४ हरवलं. विगनचा एकमेव ट्राय रॉबिन्सनचा आणि सामनावीराची हॅरी संडरलँड ट्रॉफीही त्यालाच. २००० च्या ग्रँड फायनलमध्ये सेंट हेलन्सकडून हार झाली, आणि नोव्हेंबरमध्ये तो सेल शार्क्सच्या युनियन संघात दाखल झाला.

पुढचा वेग अविश्वसनीय आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये इटलीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून इंग्लंडकडून पदार्पण. इंग्लंडच्या सुरुवातीच्या पंधरात जागा मिळण्याआधीच ब्रिटिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघाच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर निवड. क्वीन्सलँडच्या एका संघाविरुद्ध पाच ट्राय. ३० जूनला ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत, सामना जेमतेम सुरू झालेला असताना, डाव्या कडेला ऑस्ट्रेलियाच्या ख्रिस लॅथमसमोर बाहेरच्या बाजूला दीड-दोन मीटर जागा. तेवढ्यातून तो निसटला. लायन्सनं ती कसोटी २९-१३ जिंकली, मालिका मात्र गमावली. तरी ती धाव पाहिली की लक्षात येतं: हे सारं सेंट्रल पार्कवर हजारदा करून झालेलं होतं.

इंग्लंडकडून खेळताना त्याच्या वाट्याला कलकत्ता चषकाचे सामनेही आले. इंग्लंड-स्कॉटलंड लढतीत दिला जाणारा हा चषक आपल्या मातीतला आहे. कलकत्ता फुटबॉल क्लब बंद पडला तेव्हा शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून तो घडवला. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती.

सिडनीच्या सामन्याकडे पुन्हा येऊ. ऑस्ट्रेलियानं सुरुवातीलाच उंच किक मारली ती रॉबिन्सनच्या डोक्यावर. उंच टुकिरीनं उडी घेऊन चेंडू वरच्या वर टिपला. खाली रॉबिन्सन हतबल. मध्यंतराच्या तोंडावर इंग्लंडच्या डलाल्यिओनं फट पाडली, विल्किन्सनकडे चेंडू दिला, त्यानं डावीकडे पास केला, आणि रॉबिन्सन ओल्या गवतावरून घसरत कोपऱ्यात पोचला. उठून चेंडू हवेत भिरकावला आणि गर्जला. आठ वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, लीगच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर याच ऑस्ट्रेलियानं इंग्लंडला १६-८ हरवलं होतं आणि तो त्या संघात होता. त्या संघाचा प्रशिक्षक फिल लार्डर. २००३ मध्ये इंग्लंडच्या युनियन संघाचा बचाव बांधणारा माणूसही तोच फिल लार्डर.

नोव्हेंबर २००४ मध्ये कॅनडाविरुद्ध रॉबिन्सन इंग्लंडच्या युनियन संघाचा पहिला मिश्रवर्णीय कर्णधार झाला आणि त्या दिवशी त्यानं तीन ट्राय केले. वर्तमानपत्रांनी त्याची योग्य ती दखल घेतली. फक्त एक गोष्ट सांगायला हवी: लीगमध्ये क्लाइव्ह सलिव्हन या कृष्णवर्णीय खेळाडूनं ग्रेट ब्रिटनचं कर्णधारपद १९७२ मध्येच सांभाळलं होतं आणि त्याच वर्षी विश्वचषकही जिंकला होता. कामगारांचा खेळ म्हणून ज्याला नाक मुरडलं गेलं, तो या बाबतीत ३२ वर्षं पुढं होता.

२००६ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली सेलनं लेस्टरला ४५-२० नमवून युनियनचं प्रीमियरशिप विजेतेपद मिळवलं. मधे आंतरराष्ट्रीय निवृत्ती घेऊन तो परतला, २००७ चा विश्वचषक खेळला आणि पॅरिसच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खांदा दुखावून बाहेर गेला. इंग्लंड १५-६ असं हरलं. इंग्लंडच्या युनियन संघाकडून ५१ सामने, २८ ट्राय.

या यशाची दुसरी बाजू विगनच्या गल्लीतून पाहावी लागते. शंभर वर्षं पैसे देणारी फक्त लीग होती, म्हणून माणसं तिच्याकडे येत. आता पैसा दोन्हीकडे, आणि युनियनकडे जास्त. रॉबिन्सननंतर २००५ मध्ये कर्णधार अँडी फॅरेल गेला, २००७ मध्ये तरुण ख्रिस ॲश्टन. शॉन एडवर्ड्स युनियनमध्ये बचावाचा प्रशिक्षक झाला, आधी वेल्सचा, मग फ्रान्सचा. सेंट्रल पार्क १९९९ मध्येच बंद झालं होतं; तिथं आता टेस्कोचं सुपरमार्केट आहे. आणि अँडी फॅरेलचा मुलगा ओवेन, विगनजवळ नेमक्या १९९१ मध्ये जन्मलेला, लहानपणी लीगच्या मैदानात बागडलेला, व्यावसायिक लीगचा एकही सामना न खेळता इंग्लंडच्या युनियन संघाचा कर्णधार झाला.