गुप्त ख्रिस्ती, जपानमधील

गुप्त ख्रिस्ती, जपानमधील (काकुरे किरिशितान) : ख्रिस्ती धर्मावरील बंदीच्या काळात दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूंविना श्रद्धा जपणारा जपानी कॅथलिक समाज व त्याची जीवनपद्धती. क्यूशूच्या पश्चिमेकडील उराकामी व सोतोमे ही गावे आणि इकित्सुकी, गोतो व आमाकुसा ही बेटे हे त्याचे मुख्य प्रदेश.

संत फ्रान्सिस झेविअर गोव्याहून निघून 15 ऑगस्ट 1549 रोजी कागोशिमाला उतरले. 1587 मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत 26 जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत वसईचे फ्रान्सिस्कन ब्रदर गोन्सालो गार्सिया होते (संतपद 1862). त्यांचा जन्म सु. 1556-57 मधला मानतात. वडील पोर्तुगीज व आई वसईकडची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र त्यावर एकमत नाही. 1614 मध्ये बंदी देशभर लागू झाली. शिमाबारा येथील मुख्यतः ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या बंडानंतर (1637-38) पाळत कडक झाली आणि देशात उरलेले शेवटचे धर्मगुरू मान्सियो कोनिशी यांना मारण्यात आले (सामान्यतः 1644).

पुढची सारी रचना एका प्रश्नाभोवती उभी राहिली : धर्मगुरूशिवाय काय चालते? मिस्सा (मुख्य उपासनाविधी) व पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) चालत नाही. बाप्तिस्मा मात्र अडचणीच्या वेळी कोणीही देऊ शकतो. म्हणून सोतोमे-उराकामीकडे तीन पदे ठरली. चोकाता पंचांग सांभाळी, मिझुकाता बाप्तिस्मा देई आणि किकियाकु घरोघर निरोप पोचवी. इकित्सुकीत पदांची नावे व वाटणी वेगळी आहे. तेथे आतल्या खोलीत लपवलेल्या चित्रांभोवती घरांचे गट बांधलेले असत.

बाप्तिस्म्यात पाणी, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाचे सूत्र आणि चर्चचा संस्कार देण्याचा हेतू ही तिन्ही अंगे लागतात. पाणी ओतत असतानाच सूत्र म्हणायचे असते. हेतूची अडचण सहसा नव्हती. धोका सूत्राला होता. लॅटिन-पोर्तुगीज शब्द अर्थ न कळता तोंडपाठ उतरत गेले की अक्षरे गळतात व जोडशब्द फुटतात. म्हणूनच 1865 नंतर फ्रेंच मिशनऱ्यांनी मिझुकातांकडून सूत्र म्हणवून घेतले आणि शंका राहिली तेथे सशर्त, म्हणजे ‘आधी झाला नसेल तर’ या अटीवर, बाप्तिस्मा दिला.

पापक्षमेचा प्रश्न अधिक बिकट होता. त्यावरचा आधार म्हणजे ‘कोन्चिरिसान नो र्याकु’ ही पूर्ण पश्चात्तापाविषयीची पुस्तिका. तिचे मुद्रण 1603 मधले मानतात आणि ती बिशप लुईस सेर्केइरा यांच्याकडे जोडली जाते. मूळ छापील प्रत हाती नाही; मजकूर हस्तलिखित नकलांतून टिकला आणि 1869 मध्ये फ्रेंच मिशनरी, तेव्हा बिशप असलेले बर्नार पेतिजाँ यांनी तो पुन्हा छापला. तिची शिकवण कॅथलिक सिद्धान्ताला धरून आहे : पापे आठवावीत, शिक्षेच्या भीतीने नव्हे तर देवावरील प्रेमापोटी दुःख करावे, पुन्हा पाप न करण्याचा निश्चय करावा, धर्मगुरू भेटताच पापनिवेदन करण्याची इच्छा धरावी. प्रेमाऐवजी केवळ भीती असेल, तर पश्चात्ताप अपूर्ण राहतो व पापनिवेदनाशिवाय पुरत नाही. शेवटच्या अटीमुळे धर्मगुरूची वाट पाहणे हा धर्माचरणाचाच भाग झाला. या समाजाच्या चिकाटीचे मूळ इथे शोधायला हवे.

पश्चात्तापाची ही प्रार्थना फुमी-ए नंतर विशेष महत्त्वाची असे. ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवायला लावण्याची ही चाचणी नागासाकीत 1626 ते 1629 च्या दरम्यान सुरू झाली असावी. 1669 मध्ये तिच्यासाठी 20 पितळी पट्ट ओतले गेले. प्रतिमा तुडवून आलेली माणसे घरी प्रार्थना करीत. त्यांना केवळ धर्मत्यागी म्हणणे अन्यायाचे आहे.

सोतोमेकडील पंचांगाला ‘बास्च्यान’चे पंचांग म्हणतात. ते 1634 च्या सणवारांवर बेतलेले आहे, हे त्याच्या तारखांवरून मान्य होते; बास्च्यान या धर्मशिक्षकाविषयी मात्र परंपरेपलीकडे ठोस पुरावा कमी. सात पिढ्यांनी पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू येतील, हे भाकीतही त्याच्याच नावावर आहे. पंचांगाचे काम किचकट होते. जपानी व्यवहारात सात दिवसांचा आठवडा नव्हता, त्यामुळे रविवार कोणता हेही चोकाताच सांगे. जपानी महिने चांद्र, त्यात अधिक महिना येई. एक चूक झाली की राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचे 46 दिवसच सरकत. या ‘दुःखाच्या काळात’ मांस व अंडी वर्ज्य असत. प्रार्थना (ओराशो) बहुधा याच दिवसांत शिकवीत. इकित्सुकीत त्या मोठ्याने म्हणतात, अन्यत्र पुटपुटत किंवा मनात.

प्रत्येक घराला बौद्ध मंदिराचा दाखला सक्तीचा होता, त्यामुळे अंत्यविधी भिक्खूकडूनच होई. तो बौद्ध सूत्रे म्हणत असता शेजारच्या खोलीत त्यांचा परिणाम पुसणारी प्रार्थना चाले. करुणेची बौद्ध देवता कान्नोन हिच्या पांढऱ्या चिनीमातीच्या मूर्तीपुढे मरियेची प्रार्थना होई. पकडून देणाऱ्यांना बक्षिसे होती : सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील फलकांवर धर्मगुरूसाठी चांदीची 500 व ब्रदरसाठी 300 नाणी. तरीही 1805 मध्ये आमाकुसात 5,000 हून अधिक लोक उघडकीस आले, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांना ‘चुकीच्या समजुतीचे’ ठरवून सोडले.

17 मार्च 1865 रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे काही लोक पेतिजाँ यांना भेटले. ‘आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे’ असे सांगून त्यांनी मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारले. यानंतर उराकामीच्या सुमारे 3,400 जणांना हद्दपार करण्यात आले. त्यांपैकी 600 हून अधिक मरण पावले. 1873 मध्ये बंदीचे फलक उतरले.

बरेच जण कॅथलिक चर्चमध्ये परतले. काहींनी वाडवडिलांची रीत सोडली नाही. केंतारो मियाझाकी यांच्या मते ती रीत पूर्वजपूजेच्या लोकधर्माकडे वळली होती. शिगेओ नाकाझोनो यांच्या मते सोळाव्या शतकातील विधी तीत बौद्ध व शिंतो आचारांना समांतर टिकले. इकित्सुकीच्या गेय ओराशोंचा युरोपीय चर्चसंगीताशी जुळणारा धागा पाहता दुसरे मत अधिक पटते, निदान विधींपुरते. 2018 मध्ये या प्रदेशातील 12 स्थळे जागतिक वारसा यादीत आली. इकित्सुकीतील गट मात्र पदे घ्यायला तरुण नसल्याने विसर्जित होत आहेत.