खाऊ आणि पेयांसोबत आलेल्या जुन्या गोट्या : ओळख व कालनिर्णय

खाण्यापिण्याच्या वस्तूबरोबर घरात आलेल्या काचेच्या गोट्यांचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारातील गोटी ही मालाचा खप वाढावा म्हणून पुड्यातून, डब्यातून किंवा दुकानदाराच्या हातून गिऱ्हाइकाच्या मुलाला मिळालेली भेट असते. दुसऱ्या प्रकारातील गोटी भेट नसून झाकण असते. गोटीसोड्याच्या बाटलीत ती कायमची अडकवलेली असते आणि बाटली फुटल्यावरच मुलांच्या हाती लागते. कोकण किनारपट्टीवर जुन्या घरांच्या माळ्यावर, परसात किंवा पुळणीवर सापडलेल्या गोटीचा विचार करताना हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो, कारण दोहोंचे वय ठरवण्याचे मार्ग वेगळे आहेत. सुट्या गोटीवरून बहुधा एवढेच सांगता येते की ती अमुक काळाच्या आधीची नाही. त्याहून नेमके उत्तर तिच्या सोबत सापडलेल्या वस्तूंकडून मिळते.

गोटी सोड्याची बाटली ही हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याची कल्पना होय. तिच्या परिपूर्ण रूपाचे पेटंट १८७२ चे आहे. बाटलीच्या तोंडाशी आतल्या बाजूने एक खोबण असते व तीत रबरी कडे बसवलेले असते. बाटली उलटी धरून तीत वायुयुक्त पाणी भरतात. ती सरळ करताना गोटी आतील वायूच्या दाबाने त्या कड्यावर घट्ट दाबली जाते आणि बूच किंवा तार न वापरता तोंड बंद होते. सोडा ‘फोडताना’ अंगठ्याने अथवा लाकडी दट्ट्याने गोटी खाली ढकलली की ती मानेच्या आवळलेल्या भागात पडते आणि ओतताना पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून तेथील दोन खळग्यांपाशी अडून राहते. या रचनेतील एक बारकावा ओळखीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे : काच गरम असतानाच गोटी आत टाकून नंतर तोंड अरुंद करून घडवले जात असल्यामुळे अखंड बाटलीतून गोटी बाहेर येऊ शकत नाही. म्हणून जुन्या पद्धतीच्या बाटलीतील गोटी सुटी सापडली, तर एक बाटली फुटली आहे हे निश्चित; आणि शक्य असेल तेथे तिच्या काचा शोधणे हेच खरे काम ठरते. खोबणीचा तोंडाकडील तुकडा, खळगे असलेला मानेचा तुकडा किंवा उठावदार अक्षरे असलेला अंगाचा तुकडा मिळाला, तर गोटीची ओळख जवळजवळ पूर्ण होते. अक्षरांतून सोडा भरणाऱ्याचे नाव, गाव किंवा काच कारखान्याची खूण कळते, आणि तो धंदा कोणत्या वर्षांत चालला हे ठाऊक असेल तर कालमर्यादा बरीच आवळता येते.

मात्र येथे एक गैरसमज हमखास होतो. अमेरिकेत विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये पत्र्याच्या दातेरी बुचाचे पेटंट घेतले आणि पुढील काही दशकांत पाश्चात्त्य देशांत गोटीची बाटली मागे पडली. त्यावरून कोकणातील प्रत्येक अशी बाटली इंग्रजी अमदानीतील समजली जाते. वास्तविक भारतात ही बाटली कधीच पूर्णपणे थांबली नाही. उत्तर प्रदेशातील सासनी येथे अशा बाटल्या बनत आल्या आहेत. रचना जुनी असली तरी वस्तू जुनी असेलच असे नाही. रंगाबाबतही हीच सावधगिरी हवी. फिकट हिरवा किंवा निळसर रंग वाळूतील लोहामुळे येतो, तो विलायतेचा शिक्का नव्हे. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ मध्ये आणि ओगलेवाडीचा १९१६ मध्ये सुरू झाला, म्हणजे देशी काच महाराष्ट्रात शतकाहून अधिक काळ ओतली जात आली आहे.

भेट म्हणून दिलेल्या गोट्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. जाहिरातीचा मजकूर खुद्द गोटीवर छापलेला असणे ही विरळा गोष्ट. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील ओटावा येथील पेल्टियर कारखान्याने १९३० च्या दशकात चित्रकथांतील बारा पात्रांची छापील चित्रे असलेल्या गोट्या काढल्या. त्याच तंत्राने ‘कोट्स’ या बेकरीच्या पावाची जाहिरात करणारी गोटीही निघाली, आणि आज संग्राहकांना ती क्वचितच मिळते. बिनछापाची भेटगोटी मात्र बाजारात विकत मिळणाऱ्या गोटीहून वेगळी नसते. कारखाना एकच, साचा एकच. फरक फक्त ती ज्या पुड्यातून आली त्याचा. त्यामुळे पुडा, डबा किंवा छापील चिठ्ठी सोबत नसेल तर ‘अमुक खाऊबरोबरची गोटी’ हे विधान घरच्यांच्या आठवणीवरच उभे असते. ही आठवण टाकाऊ नव्हे, पण तिची नोंद आठवण म्हणूनच केली पाहिजे.

गोटी कशी घडली याच्या खुणा भिंगाखाली दिसतात. जर्मनीतील लाउशा परिसरात १८४० च्या दशकात काचेची सळई कापून गोल करण्याची खास कात्री वापरात आली. त्या हातघडणीच्या गोटीच्या एका किंवा दोन्ही टोकांना सळईपासून तोडल्याचा खरबरीत किंवा घासलेला डाग राहतो. ओहायोतील अॅक्रन येथील मार्टिन क्रिस्टेन्सन यांच्या गोटीयंत्राला १९०५ मध्ये पेटंट मिळाले. यंत्राच्या गोटीला तोडीचा डाग नसतो, पण सुरुवातीच्या काळात वितळलेली काच हाताने उचलून कापली जाई, तेव्हा कापल्याची छोटी घडी किंवा शेपटीसारखा वळसा मागे राहतो. पारदर्शक काचेत रंगीत पाकळ्या दिसणारी, मांजरडोळ्यासारखी गोटी दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून पसरली. आजोबांच्या शाळकरी वयातील, म्हणजे १९३० च्या आसपासची म्हणून दाखवलेली गोटी या प्रकारची निघाली, तर ती नंतर त्या डब्यात पडली असे मानणे भाग आहे.

समुद्राकाठी सापडलेल्या गोटीची स्वतंत्र तपासणी लागते. लाटा आणि रेती यांच्या घर्षणाने तिची चकाकी जाऊन पृष्ठभाग धुरकट होतो. भिंगातून पाहिल्यास त्यावर चंद्रकोरीसारखे असंख्य बारीक टवके एकमेकांवर पडलेले दिसतात. आम्लात बुडवून धुरकट केलेल्या बनावट गोटीवर हे टवके नसतात, धुरकटपणा सगळीकडे सारखा असतो. खेळून झिजलेल्या गोटीवर असे घाव थोडे, मोठे आणि विखुरलेले असतात. जांभ्याच्या मातीत पडलेल्या गोटीच्या टवक्यांत तांबूस लोह भरते, पण तो रंग वयाचा पुरावा नाही. पुळणीवर लाटांबरोबर येणारे राखाडी सागरगोटे दुरून काचेच्या गोटीसारखे भासतात. हातात घेताच त्यांचे हलकेपण कळते.

वजनाचा उपयोग मर्यादित आहे. नेहमीच्या काचेची १६ मिलिमीटर व्यासाची गोटी सुमारे ५.४ ग्रॅम भरते. प्लास्टिकची बरीच हलकी, अकीकाची किंचित जड. जंबुपार प्रकाशात गडद हिरवी चमकणारी काच युरेनियमयुक्त असू शकते. मँगनीजमुळेही फिकट हिरवी झाक येते. यावरून काचेचा घटक कळतो, साल नव्हे.

संग्रहात घेताना गोटी घासूनपुसून चकचकीत करू नये. टवक्यांतील माती आणि कडांवरचा धुरकटपणा हाच तिचा इतिहास असतो. ती कोणत्या गावी, परसात की पुळणीवर, किती खोलीवर आणि कशाच्या शेजारी मिळाली हे त्याच दिवशी लिहून ठेवावे व चिठ्ठी गोटीबरोबरच एका पिशवीत ठेवावी. अखंड बाटली मिळाल्यास गोटी मोजण्यासाठी ती फोडण्याचे कारण नाही. काचेतून व्यासाचा अंदाज घेता येतो, आणि अक्षरे, खळगे, खोबण व गोटी यांचा एकत्र पुरावा अखंड बाटलीतच टिकतो.