ग्लुटेन सोडलं, बरं वाटलं, पण आतड्याचं काय?

सिलिअ‍ॅक हा ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा करणारा आजार निघाला की ग्लुटेन असलेले गहू, बार्ली आणि राय बंद. आणि मग पहिल्या काही आठवड्यांतच पोट फुगणं कमी होतं, जुलाब थांबतात, थकवा उतरायला लागतो. माझंही तसंच झालं, पण माझ्या टीटीजी टेस्टचा (या आजारात रक्तात वाढणाऱ्या अँटीबॉडीची तपासणी) आकडा काही तेवढ्या झपाट्याने खाली येईना. तेव्हा हे सगळं नीट वाचायला घेतलं.

ग्लुटेनमधल्या ग्लायडिन नावाच्या प्रोटीनमध्ये प्रोलीन आणि ग्लुटामिन ठासून भरलेलं असतं, त्यामुळे आपले एन्झाइम्स ते पूर्ण तोडू शकत नाहीत. 33 अमिनो अ‍ॅसिडचा एक तुकडा तर पोटातल्या, स्वादुपिंडातल्या, आतड्यातल्या कुठल्याच एन्झाइमला दाद देत नाही, हे 2002 मध्ये दाखवलं गेलं. हे सगळ्यांच्याच पोटात होतं बरं का. फरक जीन्समध्ये. डीक्यू2 किंवा डीक्यू8 असलेल्यांपैकी काहींची इम्यून सिस्टिम त्या तुकड्याला शत्रू समजते आणि त्या भांडणात लहान आतड्यातले बोटांसारखे उंचवटे, म्हणजे विलाय, झिजून सपाट होतात. हे जीन्स 30 ते 40 टक्के लोकांत असतात, आजार मात्र साधारण 1 टक्क्यालाच होतो, असं का ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही.

आता गंमत बघा, दूध पचवणारं लॅक्टेज एन्झाइम विलायच्या अगदी टोकाला असतं, त्यामुळे टोकं गेली की दूधही सोसत नाही, आणि बऱ्याच जणांना वाटतं आपल्याला दोन वेगळे आजार आहेत. विलाय परत उगवले की दूध पुन्हा चालायला लागतं (जन्मजात त्रास नसेल तर).

पण उगवायला वेळ लागतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी 3 ते 5 दिवसांत बदलतात, तरी मोठ्या माणसात विलाय भरून यायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात, कधी त्याहून जास्त, कारण आतली सूज हळूहळूच ओसरते. आणि रक्तातली टीटीजी नॉर्मल आली म्हणजे विलायही नॉर्मल झाले असं नसतं, हे मला डॉक्टरांना दोनदा विचारावं लागलं.

आणि त्यात चुकून पोटात जाणारे ग्लुटेनचे कण. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी विलायला इजा दिसली, आणि ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये 2 ग्रॅमहून जास्त असतं, म्हणजे एक छोटासा तुकडा पुरे. म्हणून टोस्टर वेगळा ठेवावा लागतो, चमचा वेगळा ठेवावा लागतो, सॉसच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचावं लागतं, घरचे वैतागतात. लेबलवर ग्लुटेन-फ्री लिहायला आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे.

पॅकेटमधलं ग्लुटेन-फ्री खाणं मात्र बरेचदा नुसता स्टार्च असतो, फायबर कमी, फोलेट आणि लोहही कमी. त्यात शोषण सुधारल्यावर वजनही वाढतं.

शेवटी टेस्ट न करता ग्लुटेन सोडणाऱ्यांबद्दल. नॉर्वेतल्या 2018 च्या अभ्यासात सिलिअ‍ॅक नसलेल्या आणि स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या 59 जणांना ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टान या गव्हातल्या कार्बोहायड्रेटने जास्त त्रास झाला, म्हणजे दोषी दुसराच निघाला. आणि ग्लुटेन आधीच सोडलं असेल तर सिलिअ‍ॅकची टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, त्यासाठी काही आठवडे परत ग्लुटेन खावं लागतं, आणि बरं वाटत असताना हे ऐकलं की बरेच जण तिथूनच नको म्हणतात.